भिंतीवरची सतरंजी

तांडापेठ, नागपूर
९ फेब्रुवारी १९८१

रामाजीभाऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र चुलीत घालायला निघाला असाल, तर एवढं एक वाक्य वाचा आणि मग घाला: तुमचे बॅनर वाचले.

युनियनचं जुनं ऑफिस पाडलं. त्या जागी सभागृह उभं राहतं आहे, एक मेला उद्घाटन. भैयाजी आता सेक्रेटरी आहेत. तुम्ही गिरणी सोडून खाप्याला गेलात तेव्हा ते सायकलवरून पत्रकं वाटत फिरायचे. आता स्कूटर आहे आणि स्कूटरला शोभेल असं पोट आहे. त्यांनी माळा रिकामा केला आणि आपल्या सगळ्या मोर्चांचे बॅनर एका गॅरेजवाल्याला ग्रीस पुसायला देऊन टाकले. मी सिमेंटचा हिशेब विचारायला म्हणून गेले होते. पाहते तर गाठोडी अंगणात आणि गॅरेजचा माणूस हातगाडी घेऊन उभा.

भैयाजी म्हणाले, "ताई, उंदरानं खाल्ले हायेत. तुम्ही काय करता याचं?"

मी म्हटलं, "उंदरांना तरी चव आहे. तुम्हाला नाही."

माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. गॅरेजवाला हातगाडी तिथेच सोडून रस्त्यापलीकडे गेला. त्याच हातगाडीवर घालून मी गाठोडी घरी आणली. त्या दिवशी मला साधं पिठलंसुद्धा गोड लागलं.

घर म्हणजे भागीरथाबाईंच्या ओसरीमागची खोली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी इथेच भाड्याने राहते. भागीरथाबाई चिंध्यांच्या सतरंज्या विणतात. लोक जुनी धोतरं, फाटकी लुगडी आणून देतात. बाई त्यांच्या पट्ट्या फाडतात, पट्ट्यांचे गोळे करतात आणि त्याच कपड्यांची सतरंजी विणून परत देतात. त्यांच्या नवऱ्याचा दुसरा माग तो गेल्यापासून उभाच होता. थंडीत त्यांनी मला त्यावर बसवलं. "दिवसभर वाचून डोये फोडता, जरा हात हालवा." मी जन्मभर जीभ हलवली. हात हलवायला आत्ता, म्हातारपणी शिकते आहे.

आता कामाचं. या बॅनरांच्या पट्ट्या करून मला एक मोठं विणकाम करायचं आहे, नव्या सभागृहात मंचामागच्या भिंतीसाठी. त्यात चित्र नसेल. मोर, हत्ती, कमळ, झेंडा, काही नाही. अक्षरं तुटतील. वाचता येणार नाहीत; रंग राहील, रेघ राहील, आणि तीस वर्षं ज्या कापडामागे लोक चालले ते कापड राहील.

दुसऱ्यांनी लिहिलेले बॅनर मी फाडायला घेतले आहेत. तुमच्या हातचे वेगळे बांधून ठेवलेत. तुमच्या होकाराशिवाय त्यांना हात लावणार नाही. होकार कळवा.

प्रयागबाईंना नमस्कार.

यमुना


२६ फेब्रुवारी १९८१

रामाजीभाऊ,

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही. म्हणजे पोस्टमनने ते तुमच्या हातात दिलं आणि तुम्ही ठेवून घेतलंत. एवढ्यावरही माझं भागतं. गेली आठ वर्षं तेवढंही नव्हतं.

कामाची हकिकत सांगते, तुम्हाला रंगाचं कळतं म्हणून. तुम्ही रंगखात्यात होता आणि मी व्याकरण शिकवत होते. आपल्या दोघांत कापड तुम्हालाच जास्त जवळचं. उभा ताणा जाड सुताचा घेतला. आडव्या बाण्यात बॅनरच्या पट्ट्या. मधून मधून गिरणीतल्या दश्या, मागावरचा ताणा संपला की हातभर उरतात आणि झाडून टाकतात त्या. कोराडीला वीजकेंद्राच्या बांधकामावर सिमेंटची रिकामी पोती पडलेली असतात, ती उसवून घेतली. विजेच्या मोटारींना तार गुंडाळून देणाऱ्या दुकानातून जळकी तांब्याची तार आणली. ती काळी आहे, पण नखाने खरवडली की आतून सोनेरी निघते. भागीरथाबाईंना तार पसंत नाही. "बसनाऱ्याले टोचन," म्हणतात. मी म्हटलं, यावर कोणी बसणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी न खाण्याची भाकरी भाजते आहे.

विणताना मी फार बोलते, अशीही त्यांची तक्रार आहे. "दाबून विना, ताई. हे काई भाषन नोहे. फोफसं चालत नाई इथं."

'हक्क' लिहिलेली पट्टी मागावर गेली की तिची एक काळी गाठ उरते. 'न्याय'मधला काना एकटाच उभा राहतो, शेजारी पोत्याचा पिवळा, त्यापलीकडे लाल. पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. आता येत नाही. तीस वर्षं मी तेच शब्द ओरडत होते आणि ते कसे दिसतात हे कधी पाहिलंच नव्हतं. ते माझ्या पाठीमागे बांधलेले असायचे.

परवा भैयाजी पाहायला आले. मागाभोवती एक फेरी मारली.

"ताई, यात दिसते काय?"

"तुम्हाला काय दिसतं?"

"मले तं काईच दिसून नाई राहिलं. एक मूठ टाका ना. नाईतर चाक. गेलाबाजार गिरनीची चिमनी तरी टाका."

मग मी त्यांना धरलं. युरोपात कित्येक शतकं कागद चिंध्यांपासून होत असे, हे त्यांना सांगितलं. गरिबांचे फाटके सदरे गोळा करायचे, कुजवायचे, कुटायचे आणि त्याचा कागद करायचा. राजांचे कायदे त्यावर, धर्मगुरूंचे शाप त्यावर, आणि ज्या पत्रकांनी त्या दोघांना खाली खेचलं तीही त्यावरच! चिंधीला मूठ काढायची गरज नाही, भैयाजी, चिंधी हीच मूठ आहे! रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली, असं बोलले.

भैयाजी शांतपणे म्हणाले, "हो ताई. पन मूठ?"

कमिटीचं म्हणणं असं: विणकाम एक मेला सभागृहात आणा. पुरं झालेलं असलं आणि लोकांना पटलं तर भिंतीवर जाईल. नाही तर दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावून भिंतीवर मूठ काढून घेऊ. पेंटर ठरलेला आहे.

म्हणून घाई करते. मधला भाग मी तुमच्यासाठी ठेवला आहे. आपल्या मंचांवरून आजवर जे जे बोललं गेलं, त्याच्या पाठीशी तुमचं अक्षर होतं. ते नसेल तर हे विणकाम खोटं बोलेल, आणि खोटं बोलणारी वस्तू मी भिंतीवर चढवणार नाही, मग तिथे मूठ येवो की शेपूट.

दोन ओळी लिहा.

यमुना


१८ मार्च १९८१

रामाजीभाऊ,

कार्ड मिळालं. 'माझी अक्षरं फाडू नका. रामाजी.'

आठ वर्षांनी लिहिलंत आणि 'नका' लिहिलंत. तरी खरं सांगते, कार्ड हातात आलं तेव्हा आधी अक्षर पाहिलं आणि मग वाचलं. तुमचा 'ड' अजून तसाच मान वर करून उभा असतो. तुमचा हात थरथरायला लागला असं कोणीतरी मला सांगितलं होतं. खोटं होतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. हे आधी लिहिलं, आता भांडते.

त्र्याहत्तरचा संप मी मागे घेतला, गिरणीच्या फाटकात टेबलावर उभी राहून. तुम्ही तेव्हा ऑफिसात दुसऱ्या दिवशीचा बॅनर लिहीत होता. बातमी आत आली तसा तुम्ही ब्रश टाकला आणि पायात चप्पलही न घालता बस स्टँड गाठला. तो बॅनर आता माझ्यासमोर आहे: 'आम्ही माघार घे'. पुढचं 'णार नाही' लिहायचं राहून गेलं. गाठोड्यातून तो निघाला तेव्हा भैयाजी म्हणाले, "ताई, हा तं तुमचाच ठराव दिसते." मला हसू आवरलं नाही. तुम्हालाही येऊ द्या.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे. आणखी थोडं टिकलो असतो तर मालक वाकला असता. असेल. पण ते 'आणखी थोडं' माझ्या पोटावर नव्हतं, रामाजीभाऊ. माझा पगार शाळेतून येत होता. तुम्ही इथे एकटे होता, प्रयागबाई तेव्हा खाप्याच्या शेतात दोन घास पिकवत होत्या. ज्यांच्या घरी काहीच पिकत नव्हतं त्यांची पोरं फाटकाबाहेर शेंगांची टरफलं वेचताना मी पाहिली. दुसऱ्याच्या उपाशी पोटावर उभं राहून ताठ मान दाखवायची, असलं शौर्य मला नको. मी तेव्हा जे बोलले ते आज त्या टेबलावर चढवलंत तर पुन्हा बोलेन, शब्द न शब्द. यावर आपलं एकमत होणार नाही. होऊ नये. तुम्ही तुमचं मत सोडलंत तर मला तुमच्याबद्दल वाईट वाटेल.

तुम्हाला वाटतं, बाईने संप मोडला, आता संपाचे शब्दही मोडते आहे. मला वाटतं, शब्द माळ्यावर कुजण्यापेक्षा मोडून कामी येऊ द्यावेत. तुमचं अक्षर कोणी पुसू शकेल असं तुम्हाला वाटतं कसं?

असो. भांडण संपलं.

'नाही' म्हणजे 'नाही', हे मी जन्मभर मालकांना शिकवत आले. आता माझ्यावर आलं म्हणून त्याचा अर्थ बदलणार नाही. तुमची अक्षरं मी फाडणार नाही. तुमचे सगळे बॅनर, तो अर्धा सोडून नव्हे, तोही धरून, तुम्हाला आणून देते. ते तुमचे आहेत. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. भिंतीला लावा, बैलाला झूल करा.

पाडवा झाला की येते.

यमुना


११ एप्रिल १९८१

रामाजीभाऊ,

मी आले तेव्हा तुम्ही घरी नव्हता. प्रयागबाईंनीच तसं सांगितलं.

कोराडीपर्यंत उभी होते, ट्रकांची रांग लागलेली आणि खिडकीतून राख आत. पुढे जागा मिळाली. ट्रंक मांडीवर घेतली, कंडक्टरने तिचंही तिकीट मागितलं आणि मी त्याला परिवहनाचा कायदा समजावून सांगितला. सावनेरपर्यंत त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

प्रयागबाई दारातच भेटल्या. "या ताई. हे नाईत घरी. वावरात गेले."

"भर उन्हात?"

"हो ना. आयकतच नाईत."

आणि परसातून खोकला आला. प्रयागबाई तोंडावरची रेघ न हलवता म्हणाल्या, "मांजर हाय, ताई. बुढं झालं, हिवाळ्यापासून खोकून राहिलं."

त्यांनी चहा केला. एक कप मला दिला आणि एक परसात नेला. मांजराचं नशीब!

मी ट्रंक उघडून बॅनर एकेक करून त्यांच्यापुढे ठेवले, उंदरांनी खाल्लेलेही. मुद्दाम मोठ्याने म्हटलं की हे सगळे परत केले, एकही ठेवला नाही, एकाचीही दोरी कापली नाही. म्हणायची गरज नव्हती. माझं हळू बोलणंही परसापर्यंत जातं. प्रयागबाईंनी एक बॅनर जमिनीवर पसरला, मोठ्ठा निळा. त्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "मी याईच्या मांगं मांगं एवढी फिरली, पन मले वाचता नाई आलं कधी. काय लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं. "काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकी मजुरी द्या."

"असं होय," त्या म्हणाल्या. "मले वाटे, वरगनी द्या म्हन्ते."

परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटत होतं. हरल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ट्रंक रिकामी होती म्हणूनही असेल.

विणकाम आता मागावरून उतरलं आहे. मधे दोन हात लांब, हातभर रुंद जागा मोकळी आहे. नुसता ताणा, पांढरी सुतं, बाणा नाही. भागीरथाबाई म्हणाल्या, "असं उगडं ठेवता काय? माह्या मागावर विनलं म्हनून माही इज्जत जाईन." त्यांनी तिथे भरायला स्वतःचं एक जरीकाठी लुगडं आणून दिलं. जड मनाने मी ते परत केलं. भैयाजी म्हणाले, हे पुरं झालेलं नाही, कमिटी मान्य करणार नाही. मी म्हटलं, पुरंच आहे. एक माणूस इथे नाही, एवढं ते सांगतं, आणि ते खरं आहे.

भैयाजींनी डोकं खाजवलं. "लोकाईले दाखवू. हासले तं पेंटर."

बरं. लोक हसले तर मूठ. एवढंच पणाला लागलं आहे, आणि त्याची मला भीती वाटते हेही तुम्हाला लिहून टाकते, कारण इथे कोणाला सांगता येत नाही. लोकांपुढे मी कधी हरले नाही. पण तिथे माझं तोंड होतं. या कापडाला तोंड नाही. त्याचा अर्थ मी सभेत नीट उलगडून सांगणार आहे, रंग रंग करून. भाषणाची तयारी चालू आहे.

एक मेला संध्याकाळी सभागृहात या. भाषण ऐकायला नको, भिंत पाहायला या.

यमुना


३ मे १९८१

रामाजीभाऊ,

आत काय झालं ते तुम्हाला प्रयागबाईंनी बसमध्ये सांगितलंच असेल. तरी मीही सांगते, कारण त्या हसायला लागल्या की अर्धं राहून जातं.

दुपारी भागीरथाबाईंच्या घरून विणकाम गुंडाळून, सुतळीने बांधून हातगाडीवर सभागृहात पाठवलं. मी पाच वाजता निघाले. ऊन उतरेना म्हणून रस्त्यात रसवंतीवर थांबले, तिथे एकाने विदर्भाच्या कापसावरून वाद काढला, आणि वाद काढला की मला निघता येत नाही. पोचले तेव्हा सभागृह भरलं होतं. नव्या चुन्याचा वास, भिरभिरणारे पंखे, पुरुष खुर्च्यांवर, बायका पुढे खाली. मंचामागची भिंत कोरी.

मी भैयाजींना विचारलं, "विणकाम कुठे आहे?"

"ते तं अजून आलंच नाई, ताई. मीच तुमाले इचारनार होतो."

आणि मग मी खाली पाहिलं.

बायका त्यावर बसल्या होत्या. सगळ्या. पाय पसरून, पदराने वारा घेत. एकीने तान्हं पोर निजवलं होतं आणि त्याला तार टोचू नये म्हणून खाली पदर घातला होता. कोपऱ्यावर पाण्याची बादली. चूक कोणाची म्हणायची? भागीरथाबाईंच्या घरून गुंडाळी आली म्हणजे ती सतरंजी. तांडापेठेत जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येणारच नाही. कार्यकर्त्यांनी सुतळी सोडली आणि मंचापुढे अंथरली, अगदी सरळ, कोपरे ओढून.

"उठा!" माझ्या घशापर्यंत आलं होतं. तुम्हाला माहीत आहे ते कसं निघालं असतं. पंख्यांची पाती थांबली असती. त्या शब्दामागोमाग सगळं भाषणही आलं असतं: कला म्हणजे काय, श्रम म्हणजे काय, आणि तुम्ही बसला आहात ते काय आहे!

तेवढ्यात खालून कोणीतरी म्हणालं, "ताई, इथं उगडं काहून ठेवलं? बसतानी माहा अंगठा अडकून राहिला."

प्रयागबाई. मधोमध, त्या मोकळ्या जागेच्या काठाला. मांडीवर गाठोडं.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. मला वाटलं, बॅनर परत करायला आणलेत, घरात अडचण होते म्हणून. त्यांनी गाठ सोडली. आत पट्ट्यांचे गोळे होते. निळे, लाल, काळे, एकसारखे, घट्ट.

"कात्री कोनाले लावू देल्ली नाई," त्या म्हणाल्या. "सोताच फाडत बसले आठ दिवस. फाडायच्या आंधी एकेक मले वाचून दाखवे. मंग फाडे. मी म्हटलं, दुखते तं काहून फाडता? तं म्हन्ते, तिनं हात नाई लावला ना. लावला असता तं नसते देल्ले."

रामाजीभाऊ, मी एक निळा गोळा हातात घेतला आणि त्यावर तुमच्या अक्षराची रेघ शोधत बसले.

भागीरथाबाईंनी मात्र गोळे पाहिले आणि पदर खोचला. ताणा मोकळा असताना जमिनीवर विणता येत नाही, सुतं लुळी पडतात, हे मलाही आता कळतं. पण इथे दोन्हीकडून बायका बसलेल्या होत्या आणि त्यांच्या वजनाने ताणा ताठ झाला होता. एखादी उठू लागली तशा भागीरथाबाई ओरडल्या, "कडेच्या कोनी उठू नका वं! तुमच्या बुडाखाली माहा ताना हाय!"

त्यानंतर जे हसू उठलं ते मी ज्याला भीत होते ते नव्हे.

बोटांनीच विणायला घेतलं. या बाजूचं एक सूत सोडून एक सूत उचलायचं, त्या बाजूची पट्टी ओढून घ्यायची. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती ती सिंधूताई आठवते ना, दात नसलेली? ती एका पट्टीकडे पाहून म्हणाली, "हे रामाजीचं हाय. 'म'ले अशी शेपटी तोच देई." दुसरीने तिला चिडवलं, "तुले वाचता येते काय?" ती म्हणाली, "वाचता नाई येत. वयखता येते."

माइकवर भैयाजी म्हणाले, "आता आपल्या यमुताई आपल्याले दोन शब्द सांगतीन."

मी खालूनच म्हटलं, "थांबा. हात गुंतलेत."

ते थांबले. पाहुणे मंचावर खुर्चीच्या टोकाशी येऊन पाहू लागले. थोड्या वेळाने भैयाजी पुन्हा म्हणाले, "ताई, दोन शब्द." पुन्हा हात गुंतलेले होते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. चपला काढून खाली आले, मांडी घातली आणि चुकीचं सूत उचलून भागीरथाबाईंचा मार खाल्ला. त्या संध्याकाळी मला कोणी अर्थ विचारला नाही. विचारलं ते, ही वरून घेऊ का खालून, ही आखूड पडली तर गाठ मारू का. एवढी वर्षं मी लोकांना सांगत होते. त्या संध्याकाळी एवढं सांगणं पुरलं, आणि मला इतकं मोकळं वाटलं की मी तयार केलेलं भाषण कुठे ठेवलं तेही आठवत नाही. भाषण न देता उरकलेली माझी ही पहिली सभा.

मग प्रयागबाई कानाशी लागल्या. "ते आले हायेत, ताई. बाहीर पानठेल्यावर उभे हायेत. म्हन्ते, तिचं भाषन आटोपलं की आत येतो."

आता तुमच्या लक्षात आलं असेल. ते आटोपणार कुठून?

बाहेर आपण काय बोललो ते तुम्हाला माहीत आहे, पण मला ते पुन्हा लिहावंसं वाटतं. तुम्ही विचारलंत, "झालं काय भाषन?" मी म्हटलं, "झालंच नाही." तुम्ही म्हणालात, "मंग मी तीन पानं उगाच खाल्ली." आणि हसलात. दात पार लाल झाले होते. आठ वर्षांचं जे काही होतं त्यातलं तुम्ही काही काढलं नाही, मीही काढलं नाही. खाप्याची गाडी गाठायची होती. तुम्ही आत येऊन पाहिलंतही नाही.

म्हणून पुढचं कळवते. विणकाम पुरं झालं. लोकांनी हात लावलेलं लोकांनाच नापसंत कसं पडेल? पेंटरला 'नको' कळवलं आहे. पण ते अजून भिंतीवर गेलेलं नाही, कारण वरची बाजू कोणती यावर कमिटीत दोन तट पडले. मी विणलं तेव्हा माझ्या मनात एक बाजू वरची होती. भैयाजींच्या मनात दुसरी. मतदान झालं, समसमान. तेव्हा मी ठराव मांडला: रामाजींना विचारा. एकमताने पास.

रविवारी या. शिडी मागवून ठेवली आहे.

यमुना


१२ मे १९८१

रामाजीभाऊ,

तुमचा टॉवेल सभागृहातच राहिला. धुवून ठेवला आहे.

रविवारी तुम्ही शिडीवर होता तेव्हा मी खाली दोरी धरून गप्प उभी होते, हे भैयाजींनी साऱ्या गिरणीत सांगितलं. लोक मला रस्त्यात विचारतात, तब्येत बरी आहे ना.

काल संध्याकाळी मी एकटीच जाऊन शेवटच्या रांगेत बसले. एवढ्या लांबून मी त्या भिंतीकडे कधी पाहिलं नव्हतं. निळा भाग वर गेल्यामुळे सगळं वजन डोक्यावर आल्यासारखं दिसतं. तार आता खालच्या कडेला आहे, तिथे दारातून ऊन येतं तेव्हा चमकते. भैयाजी दोघा पाहुण्यांना अर्थ समजावून सांगत होते: निळं म्हणजे आभाळ, पिवळं म्हणजे पीक, आणि मधे, नीट पाहिलं तर, मूठ. साफ चूक. मी ऐकून घेतलं.

मला विचाराल तर तुम्ही ते उलटं लावलंत.

राहू द्या तसंच.

यमुना